पांढऱ्या पेशींवरचा खटला आणि आपले सहा तास

हार्ट अटॅकच्या रुग्णाची बंद पडलेली धमनी उघडली, मग ती गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने उघडो की अँजिओप्लास्टीने, बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पडायलाच हवा. धमनी वेळेत उघडण्याइतका गुणकारी इलाज या आजारावर दुसरा नाही. पण नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या स्नायूत एक उलटी गोष्टही घडत असते. रक्ताविना तग धरून राहिलेल्या काही पेशी रक्त परत आल्यावर मरतात. डॉक्टर याला रीपरफ्युजन इंज्युरी म्हणतात. रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली कुत्र्यांच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांत त्याची पहिली नोंद केली. गेली चाळीस वर्षं या प्रकरणात मुख्य संशयित म्हणून पांढऱ्या पेशींचं, त्यातही न्यूट्रोफिलचं नाव घेतलं जातं.

हा विषय डॉक्टरांच्या परिषदांपुरता राहिला असता तर त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं. पण त्यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात आणि दोन्ही महागात पडणारे आहेत. 'रक्त पुन्हा सुरू केल्याने हृदयाचं नुकसान होतं' हे अर्धवट वाक्य म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला आयतं खाद्य. 'अँजिओप्लास्टी हा नुसता धंदा आहे' म्हणणाऱ्यांना ते हवंच असतं. दुसरा निष्कर्ष सुशिक्षितांचा: पांढऱ्या पेशींना आवर घालणारं एखादं नवं औषध निघालं की प्रश्न मिटला, तेव्हा संशोधनाचा पैसा तिकडे वळवा. माझं म्हणणं असं आहे की हे चाळीस वर्षांचं संशोधन शेवटपर्यंत वाचलं, तर ते आपल्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात आणून सोडतं.

आधी या संशयिताला जवळून पाहू. लीशमन रंग दिलेली रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली धरली की तांबड्या पेशींच्या दाटीत अधूनमधून एक मोठी पेशी दिसते. तिचं केंद्रक जांभळं, पण एकसंध नाही. तीन-चार पाळ्या, एकमेकींना बारीक धाग्याने जोडलेल्या, आणि भोवती फिकट गुलाबी बारीक कण. हा न्यूट्रोफिल. सीबीसीच्या रिपोर्टवर 'टोटल काउंट' म्हणून साधारण ४,००० ते ११,००० हा जो आकडा येतो, त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी याच असतात. पेशीच्या आतल्या कणांत मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज अशी जहाल विकरं (एन्झाइम) भरलेली असतात. घरातल्या ब्लीचच्या जातीचं रसायन ही पेशी स्वतः बनवते आणि जंतूवर सोडते. २००४ साली तर असं दिसून आलं की प्रसंगी ती स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकून त्यात जंतू अडकवते.

हे सगळं जंतूंसाठी. मग हृदयात, जिथे जंतूचा मागमूस नाही, तिथे ती काय करते? याचं उत्तर एका अर्थी १८८२ सालीच मिळालं होतं. इल्या मेचनिकोव्ह यांनी सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत बागेतल्या झुडपाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. काटा म्हणजे काही जंतू नव्हे. इजा झाली की या पेशी धावतात, कारण काहीही असो. त्या कामाबद्दल मेचनिकोव्हना १९०८ चं नोबेल पारितोषिक पॉल अर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं. मेलेला हृदयस्नायू हीसुद्धा इजाच. त्यातून सुटणारी रसायनं न्यूट्रोफिलला बोलावतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवतात, त्यांना धरत पेशी भिंतीलगत घरंगळते, मग तिच्या अंगावरचा सीडी-१८ हा रेणू अस्तरावरच्या आयकॅम-१ ला घट्ट धरतो आणि ती भिंतीतून पलीकडे स्नायूत घुसते. धमनी बंद असते तेव्हा या पेशींना आत यायला वाटच नसते. ती उघडली की लोंढा येतो.

लोंढ्याचं म्हणाल तर, उन्हाळ्यात पाटाला आवर्तन सुटल्यावर जे होतं तेच इथे होतं. पहिलं पाणी गाळ आणि काडीकचरा घेऊन येतं, चाऱ्यांच्या तोंडाशी तो तुंबतो, मुख्य पाट दुथडी भरून वाहत असताना टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडंच राहतं. न्यूट्रोफिलचा व्यास केशवाहिनीपेक्षा मोठा असतो. एरवी तो अंग चोरून निघून जातो, पण चेतवला गेला की ताठर होतो आणि अडकतो. त्याच्यासोबत रक्तबिंबिकांचे (प्लेटलेटचे) पुंजके असतात, सुजलेलं अस्तर असतं. अँजिओग्राफीच्या पडद्यावर मोठी धमनी स्वच्छ दिसते आणि स्नायूच्या आतल्या थरात रक्त पोचलेलंच नसतं. १९७४ पासून या प्रकाराला नो-रिफ्लो असं नाव आहे. ज्यांना तो होतो त्यांचं हृदय पुढे जास्त अशक्त होतं.

तेव्हा संशयाला आधार होता. १९८३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने न्यूट्रोफिल नष्ट करणारा रक्तद्रव आधीच टोचलेल्या कुत्र्यांची धमनी ९० मिनिटं बांधली आणि मग सोडली. मृत स्नायूचा भाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला. यावर औषध कंपन्यांचे डोळे चमकले नसते तरच नवल. पुढच्या पंधरा वर्षांत घरंगळणं, चिकटणं, घुसणं अशा प्रत्येक पायरीवर खिळ घालणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार झाले आणि प्राण्यांत बहुतेकांनी काम केलं.

माणसांत नाही केलं. सीडी-१८ अडवणारा एक प्रतिपिंड ३९४ रुग्णांत गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसोबत दिला गेला. २००१ साली निकाल आला, धमनीतला प्रवाह तेवढाच आणि मृत भागही तेवढाच. दुसऱ्या कंपनीचा तसाच प्रतिपिंड अँजिओप्लास्टी होणाऱ्या ४२० रुग्णांत वापरला गेला. २००२ चा निकाल, फरक शून्य. पेशींना बोलावणारी कॉम्प्लिमेंट नावाची साखळी तोडणारं पेक्सेलिझुमॅब हे औषध २००७ पर्यंत ५,७४५ रुग्णांत तपासून झालं. मृत्यू कमी झाले नाहीत. सर्वांत वाईट अनुभव मेंदूच्या झटक्यात आला. आयकॅम-१ अडवणारं एनलिमोमॅब ६२५ रुग्णांच्या चाचणीत होतं. औषध मिळालेल्यांपैकी ९० दिवसांत २२.२ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६.२ टक्के. तो उंदरापासून बनवलेला प्रतिपिंड होता, आणि ज्या पेशींना शांत करायचं त्यांनाच तो चेतवत असल्याचं माणसाच्या रक्तावरच्या प्रयोगांत दिसलं.

इथे थांबून कुणी म्हणेल, झालं, न्यूट्रोफिल निर्दोष. तसंही नाही. माझ्या मते खटला उभा राहिला तेव्हाच त्यात तीन फटी होत्या आणि त्यांच्याकडे उत्साहाच्या भरात काणाडोळा झाला.

पहिली फट वेळेची. रक्त परत येताच पहिल्या काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम साठतं, मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, मुक्त कण (फ्री रॅडिकल) उसळतात, त्यांच्या पडद्याला भोकं पडतात. न्यूट्रोफिलची मोठी गर्दी मात्र काही तासांनी जमते आणि साधारण एका दिवसाने कळस गाठते. शरीराबाहेर काढलेल्या हृदयातून रक्ताऐवजी नुसतं खारं द्रावण फिरवलं, म्हणजे पांढरी पेशी एकही नाही, तरी प्रवाह परत सुरू होताना इजा होतेच. खून झाल्यावर घटनास्थळी पोचलेल्या प्रत्येकाला खुनी ठरवता येत नाही.

दुसरी फट: हीच पेशी नंतर डागडुजीही करते. २०१७ साली युरोपातल्या एका गटाने उंदरांमध्ये न्यूट्रोफिल काढून टाकून हार्ट अटॅक घडवला. अपेक्षा अशी की हृदय चांगलं राहील. झालं उलट, पंपाची ताकद अधिक घसरली आणि तंतुमय व्रण वाढला. न्यूट्रोफिलमधून स्रवणारा एक पदार्थ पाठोपाठ येणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना मलबा उचलायच्या कामाला लावतो, तो मिळाला नाही. (कोविडनंतर घरोघरी आलेली 'इम्युनिटी वाढवा'ची पाकिटं पाहिली की मला हे उंदीर आठवतात. वाढवायची की कमी करायची, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. कुठे, कधी आणि किती वेळ, हे महत्त्वाचं.)

तिसरी फट माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. मिशिगनच्या त्याच प्रयोगशाळेने १९८६ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रे तसेच, न्यूट्रोफिल तसेच काढलेले. फक्त धमनी ९० मिनिटांऐवजी चार तास बांधली. फायदा गायब! चार तासांत वाचवण्याजोगं काही फारसं उरलेलंच नव्हतं. स्नायू आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे एका लाटेसारखा मरत जातो. लाट काठाला लागल्यावर पांढऱ्या पेशींना अडवून काय उपयोग?

आता आपल्याकडे बघा. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,९३७ रुग्णांची नोंद घेणारा 'क्रिएट' हा मोठा अभ्यास २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांची धमनी पूर्ण बंद झाली होती अशा रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. त्यानंतर इंजेक्शन टोचलं जाईपर्यंत आणखी ५० मिनिटं. म्हणजे अर्धे रुग्ण सहा तासांहूनही उशिरा आले. गुठळी विरघळवणारं औषध ५८.५ टक्के रुग्णांना मिळालं, अँजिओप्लास्टी ८ टक्क्यांना. गरिबांत मृत्यूचं प्रमाण श्रीमंतांपेक्षा जास्त होतं. तो अभ्यास जुना झाला, मोठ्या शहरांत चित्र बरंच बदललं, हे मान्य. पण आजही छातीत दुखायला लागलं की आधी 'गॅस झालाय' म्हणून ओवा आणि सोडा होतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे एक इंजेक्शन होतं, मग मुलगा पुण्याहून निघाल्याचा फोन होतो, मग गाडी शोधली जाते. बाई असेल तर त्यात आणखी दोन तास 'दमलीय, पडू दे जरा'चे. जिथे पहिल्यांदा नेलं जातं तिथे ईसीजी काढणारं कुणी असेलच असं नाही. मशीन असतं, रोल संपलेला असतो.

या सहा तासांत न्यूट्रोफिलचा वाटा किती? फार थोडा. मारेकरी इथे रक्ताचा अभाव आहे, रक्त परत येणं नव्हे. इटलीतल्या 'जिसी' चाचणीने १९८६ मध्ये, ११,७१२ रुग्णांवर, हे आकड्यांत दाखवलं होतं. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्यांत तीन आठवड्यांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पण पहिल्या तासाभरात औषध मिळालेल्यांत मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले, आणि सहा तासांनंतर आलेल्यांत फायदा ठळक दिसलाच नाही. लक्षात घ्या, या सगळ्यांना रीपरफ्युजन इंज्युरी झालीच असणार. तरीही फायदा झाला, कारण धमनी उघडून जितकं वाचतं त्याच्या तुलनेत उघडताना जातं ते थोडं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अर्ध्या वाक्याला हे पुरेसं उत्तर आहे. (आणि उशीर झाला म्हणून घरी बसू नये, १२ तासांच्या आत आलेल्यांची धमनी उघडावी असंच आजचं वैद्यकशास्त्र सांगतं.)

म्हणून सार्वजनिक पैशाचा प्रश्न आला की माझा क्रम स्पष्ट आहे. पहिला रुपया मिनिटं कमी करण्यावर. तमिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात छोटी रुग्णालयं कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या मोठ्या रुग्णालयांशी जोडली गेली. ईसीजी तिथल्या तिथे, तो वाचणारा तज्ज्ञ दूरवर, इंजेक्शन जवळ, मग रुग्ण पुढे. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर उतरले. कोणत्याही न्यूट्रोफिलविरोधी औषधाने आजवर याच्या जवळपासही काही केलेलं नाही. गोव्याने बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला मध्यभागी ठेवून असंच जाळं विणलं. महाराष्ट्रातही सरकारने याच धर्तीचा प्रकल्प हाती घेतला, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते. सांगाडा आहे. पण योजनेचा पैसा कॅथलॅबच्या दारात पोचल्यावर सुरू होतो. त्या दारापर्यंतच्या तासांचा वाली कोण, हे कुणाच्याच कागदावर नीट लिहिलेलं नाही. कॅथलॅबचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या मेडिकल ऑफिसरला टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन टोचायचा आत्मविश्वास आला, याचं उद्घाटन कसं करणार?

यावर एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो. असंच म्हणत राहिलो तर गरीब देशांनी मूलभूत संशोधन कधीच करू नये, फक्त रुग्णवाहिकेला डिझेल घालावं, असा अर्थ होईल. नवं शोधायचं काम दुसऱ्यांचं आणि उरलंसुरलं वापरायचं काम आपलं? हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो संशोधन म्हणजे नवा रेणू एवढंच धरून चालतो. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे जो आपणच विचारायला हवा आणि आपणच विचारू शकतो, तो म्हणजे मेटोप्रोलॉलचा.

मेटोप्रोलॉल रक्तदाबाच्या लाखो रुग्णांच्या घरात आहे. औषध जुनं, पेटंट कधीच संपलेलं. २०१३ साली स्पेनमधल्या २७० रुग्णांच्या चाचणीत, हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका आलेल्यांना ते अँजिओप्लास्टीच्या आधी, शक्यतो रुग्णवाहिकेतच, शिरेतून दिलं गेलं. एमआरआयवर मृत स्नायू सरासरी ३२ ग्रॅमऐवजी २५.६ ग्रॅम भरला. हृदयाचे ठोके मंदावल्यामुळे हे झालं असेल, असं आधी वाटलं. २०१७ साली त्याच गटाने दाखवलं की हे औषध थेट न्यूट्रोफिलवर काम करतं. पेशी चिकटताना आणि रक्तबिंबिकांशी गट्टी जमवताना लागणारी हालचालच मंदावते. म्हणजे पेशी मारली नाही, काढून टाकली नाही, ऐन गर्दीच्या वेळी थोडी सुस्त केली. महागड्या प्रतिपिंडांना जे जमलं नाही ते दुकानातल्या औषधाला जमलं असावं, ही शक्यता तरी उभी राहिली.

शक्यताच म्हणतो, कारण २०१६ साली नेदरलँड्स आणि स्पेनमध्ये ६८३ रुग्णांत झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. तिथे झटका कुठल्याही भागाचा चालत होता, आणि मात्रा व वेळ दोन्ही वेगळे होते. कशामुळे फरक पडला यावर अजून एकमत नाही. आणि चीनमधली २००५ ची ४५,८५२ रुग्णांची चाचणी तर थेट इशारा देते: अशा प्रसंगी शिरेतून सरसकट मेटोप्रोलॉल दिलं तर हृदयाची धडधड बिघडून होणारे मृत्यू कमी होतात, पण दर हजारी सुमारे ११ जास्त रुग्ण हृदयाचा पंप कोसळून शॉकमध्ये जातात. त्यामुळे हे वाचून कुणी डॉक्टरकडे इंजेक्शनचा हट्ट धरू नये, आणि कुणा डॉक्टरने उत्साहाने ते सुरू करू नये.

यातली एकही चाचणी आपल्या रुग्णाला बेतून केलेली नाही. स्पेनमधल्या रुग्णाची थेट अँजिओप्लास्टी झाली. आपल्या तालुक्यातल्या रुग्णाला आधी इंजेक्शन मिळतं, अँजिओप्लास्टी झाली तर नंतर. गुठळी औषधाने विरघळत असताना, झटका येऊन चार तास होण्याआधी, पुढच्या भिंतीचा झटका आलेल्या, वरचा रक्तदाब १२० च्या खाली नसलेल्या आणि फुप्फुसांत पाणी न भरलेल्या रुग्णाला हे औषध दिलं तर काय होतं? याचं उत्तर कंपनी शोधणार नाही, कारण तिला त्यातून काही मिळायचं नाही. ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि ग्रामीण रुग्णालयांनी मिळून शोधायचं आहे. अर्ध्या रुग्णांना औषध, अर्ध्यांना पाण्याचं इंजेक्शन, कुणाला काय हे चिठ्ठीने. संमतीपत्र सोप्या मराठीत, आणि निकाल निराशाजनक आला तरी तो जाहीर करण्याचं बंधन आधीच घातलेलं. सहा महिन्यांनी इको. अशा चाचणीत रुग्ण घ्यायचा तर त्रास कधी सुरू झाला, ईसीजी कधी निघाला आणि सुई कधी टोचली, या तीन वेळा प्रत्येक रुग्णामागे लिहून ठेवाव्या लागतील. तेवढी वही जरी चाचणीच्या निमित्ताने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सुरू झाली, तरी मेटोप्रोलॉलचं काहीही होवो, सहा तासांचा हिशेब मागायला आपल्या हातात काहीतरी असेल.